कचरा मिसळला की काय काय बिघडतं

अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात विल्यम राथजी नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे उकिरडे उकरायचे आणि तिथली माणसं कशी जगत होती ते सांगायचं, हे त्यांच्या शास्त्राचं नेहमीचं काम. मग आपल्याच काळाचा उकिरडा का उकरू नये, असा विचार करून त्यांनी १९७३ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. काही वर्षांनी त्यांचा चमू थेट कचराभूमींवर पोचला आणि खोल भोकं पाडून आतला माल वर काढू लागला. त्यात कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं निघाली आणि ती चक्क वाचता येत होती. कुठला थर कुठल्या सालचा हे ठरवायलाही त्यांचीच मदत झाली, कारण पानावर तारीख छापलेलीच होती.

जमिनीत गाडलं की सगळ्याची माती होते, असं आपण धरून चालतो. पण कुजण्यासाठी हवा लागते, ओल लागते आणि सूक्ष्मजीवांना शिरायला जागा लागते. यंत्रांनी दाबून घट्ट केलेल्या ढिगाच्या पोटात हवा नसते. तिथे कागद तसाच पडून राहतो, प्लास्टिक तर राहतंच, आणि जे कुजतं ते चुकीच्या पद्धतीने कुजतं. कचऱ्यामुळे पर्यावरणाचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

चुकीच्या पद्धतीने कुजणं म्हणजे काय? भाजीची देठं, फळांची सालं, उरलेलं अन्न, पालापाचोळा यांचा ढीग मोकळ्या हवेत असला की प्राणवायूवर जगणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यातून उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, मागे काळपट भुसभुशीत खत उरतं. हा कार्बन डायऑक्साइड त्या झाडांनी काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे हिशेब फारसा बिघडत नाही. तोच माल हवाबंद ढिगात दबला की प्राणवायूवाले जिवाणू मरतात आणि त्यांची जागा वेगळ्याच सूक्ष्मजीवांची फौज घेते. त्यांना प्राणवायू चालत नाही. ते त्याच देठासालांपासून जो वायू तयार करतात, त्यातला साधारण निम्मा मिथेन असतो.

मिथेन उष्णता धरून ठेवण्यात भलताच तरबेज आहे. शंभर वर्षांचा हिशेब लावला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांचा लावला तर ८० पटींच्या आसपास. पण तो हवेत फार टिकत नाही. साधारण १२ वर्षांत विरतो. म्हणजे आज मिथेन सोडणं कमी केलं, तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असं म्हणता येत नाही, तो शतकानुशतकं रेंगाळतो. जागतिक बँकेने २०१८ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे २०१ कोटी टन घनकचरा निघाला आणि त्यातला ४४ टक्के भाग अन्नाचा व हिरवा कचरा होता. एवढा माल ढिगात गाडायचा की मोकळ्या हवेत कुजवायचा, या प्रश्नाचं वजन त्या आकड्यांवरून कळेल.

ढिगाच्या पोटातली केमिस्ट्री

आता ओल्यात सुका मिसळा. कचऱ्याच्या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथे घडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

ओला कचरा हवेविना कुजायला लागला की पहिल्या टप्प्यात सेंद्रिय आम्लं तयार होतात. आंबलेला वास येतो तो त्यांचाच. वरून पावसाचं पाणी मुरतं, या आम्लांना सोबत घेतं आणि ढिगातून खाली झिरपू लागतं. वाटेत त्याला फेकलेल्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, सर्किटचे तुकडे भेटतात. नुसत्या कोरड्या जागी या वस्तू बराच काळ गप्प पडून राहिल्या असत्या. आंबट पाणी मात्र त्यांच्यातलं शिसं, कॅडमियम, निकेल विरघळवून आपल्यात ओढून घेतं. शेवटी तळाशी जे पोचतं ते काळं, उग्र वासाचं, अमोनिया आणि धातू भरलेलं पाणी असतं. खाली अडवायला काही नसेल तर ते भूजलात उतरतं, आणि एकदा भूजल नासलं की ते धुऊन काढायचा सोपा उपाय कुणाकडेच नाही.

म्हणजे बघा, फळाची साल विषारी नव्हती. बॅटरीही आपल्या कवचात बंद होती. दोघींना एका पिशवीत घातलं आणि एकीने दुसरीला उघडलं.

आगीचंही असंच. कुजण्यातून उष्णता निघते, मिथेन तयार असतो आणि सुकं प्लास्टिक, कागद, कापड हे जळण शेजारीच रचलेलं असतं. अशी आग आत खोलवर धुमसत राहते, वरून पाणी मारलं तरी आठवडेच्या आठवडे विझत नाही. कमी तापमानाला, पुरेशी हवा न मिळता जळणारा कचरा हा धुराचा सगळ्यात वाईट प्रकार. त्यात काजळी असते, आणि पीव्हीसीसारखं क्लोरीनवालं प्लास्टिक असेल तर डायऑक्सिन नावाची अतिशय चिवट विषं तयार होतात. ती चरबीत साठतात आणि खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे वर चढत जातात. अंगणात, रस्त्याच्या कडेला केर पेटवणं हा याच आगीचा छोटा अवतार.

शिवाय असे ढीग कोसळतात. जुलै २००० मध्ये मनिला महानगरातल्या पायातासला, मार्च २०१७ मध्ये अदिस अबाबाजवळच्या कोशेला आणि पुढच्याच महिन्यात कोलंबोजवळ मीथोटामुल्लाला कचऱ्याचे डोंगर खचून खालच्या वस्त्यांवर आले. कोशेमध्ये शंभरहून अधिक माणसं गेली.

ओला वेगळा निघाला की

ओला कचरा वेगळा मिळाला तर त्याचं काय करायचं हे कोडं उरत नाही. खताचा ढीग रचायचा असेल तर नत्रवाला माल (देठं, सालं, उरलेलं अन्न) आणि कर्बवाला माल (वाळलेली पानं, भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे) यांचा मेळ घालावा लागतो. कर्ब २५ ते ३० भाग आणि नत्र एक भाग, असं प्रमाण जिवाणूंना मानवतं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी हवी. मधूनमधून ढीग खालीवर केला की हवा मिळते, आणि बऱ्यापैकी मोठा ढीग असला तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढतं. त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. खताला घाण वास येऊ लागला तर समजायचं की हवा कमी पडली किंवा ओल जास्त झाली. मूठभर वाळली पानं घालून ढवळलं की बहुतेक वेळा भागतं.

दुसरा रस्ता बायोगॅसचा. इथे आपण मुद्दाम हवा बंद करतो आणि मिथेन होऊ देतो, फक्त बंद टाकीत. तो जाळला की उष्णता किंवा वीज मिळते आणि मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे तेवढ्यापुरता वायूचा दंश कमी होतो. मागे उरलेली मळी शेतात घालता येते. ढिगात आणि टाकीत जिवाणू तेच असतात, वायूही तोच. झाकणाचा काय तो फरक.

दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नाचा कचरा थेट कचराभूमीत टाकण्यावर बंदी घातली आणि २०१३ पासून जितका टाकाल तितके पैसे अशी पद्धत देशभर लागू केली. आज तिथला ९० टक्क्यांहून अधिक अन्नकचरा खत, पशुखाद्य किंवा ऊर्जा होतो. पैसे मोजावे लागले की माणसं टाकण्याआधी पाणी निथळून घ्यायला शिकतात. तो कचरा जड असतो तो मुख्यतः पाण्यामुळेच.

मिसळलेल्या कचऱ्यातून यंत्राने सेंद्रिय भाग काढून खत करायचे प्रयोगही जगात पुष्कळ झालेत. माझ्या मते ते उलट्या दिशेचं काम आहे. त्या खतात काचेच्या कपच्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या सापडतात, धातूही उतरलेले असतात. असं खत कुठला शेतकरी दुसऱ्यांदा घेईल?

सुक्याचा फायदा खाणीच्या तोंडाशी

पुनर्वापराबद्दल बोलताना आपण कचराभूमीत वाचलेली जागा मोजतो. खरी बचत तिथे नसतेच. ती दूर कुठेतरी, जिथे जमीन खणली गेली नाही तिथे असते.

ॲल्युमिनियम घ्या. एक टन धातूसाठी साधारण चार टन बॉक्साइट हे खनिज खणावं लागतं, त्यापासून दोन टन अल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) काढावं लागतं आणि मग ते वितळलेल्या क्षारात ९५० अंशांच्या आसपास तापवून त्यातून वीज सोडावी लागते. टनामागे १३ ते १५ हजार युनिट वीज या एकाच टप्प्यात जाते. बॉक्साइटमधून उरलेला लाल चिखल इतका दाहक असतो की त्याची तळी बांधून ठेवावी लागतात. ऑक्टोबर २०१० मध्ये हंगेरीत आय्काजवळ असं एक तळं फुटलं आणि दहा माणसं दगावली. आता हाच धातू वापरलेल्या डब्यातून मिळवायचा असेल, तर तो ६६० अंशांना वितळतो आणि एकूण ऊर्जा लागते ती नव्या धातूच्या अवघी पाच टक्के. खाण, चिखल आणि ती सगळी वीज, तिन्ही वाचतात. म्हणून ॲल्युमिनियमचा एकही डबा वाया जाऊ देणं मला गुन्ह्यासारखं वाटतं.

पोलाद चुंबकाला चिकटतं, त्यामुळे ते वेगळं काढणं सगळ्यात सोपं. त्याचं दुखणं वेगळं आहे. भंगार गाड्यांबरोबर आतल्या तारांचं तांबं भट्टीत गेलं की ते पोलादातून पुन्हा काढताच येत नाही आणि तापलेल्या पोलादाला लाटताना भेगा पडतात. तांबं मौल्यवान, पोलाद उपयोगाचं, आणि दोन्ही मिसळले की दोघांचीही किंमत घसरते.

काच कितीही वेळा वितळवा, तिचा कस कमी होत नाही. भट्टी १५०० अंशांच्या घरात चालते. कच्च्या मालात जुन्या काचेचा चुरा दर दहा टक्के वाढवला की इंधन साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचतं, शिवाय चुनखडी आणि सोडा तापल्यावर सुटणारा कार्बन डायऑक्साइडही टळतो. फक्त कपबशीचा तुकडा त्यात येता कामा नये. चिनीमाती त्या तापमानाला वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखी अडकून बसते आणि बाटली तिथेच तडकते. आणि बाटली फोडण्यापेक्षा धुऊन पुन्हा भरणं केव्हाही सरस.

कागदाचं आयुष्य मोजकं. प्रत्येक फेरीत त्याचे तंतू तुटून आखूड होतात, साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते धरत नाहीत आणि नवा लगदा घालावाच लागतो. तेल लागलेला किंवा भिजून कुजायला लागलेला कागद पहिल्याच फेरीत बाद होतो. त्याला खताच्या ढिगात टाकावं.

प्लास्टिक, जे एक नाहीच

प्लास्टिक हा शब्दच फसवा आहे. पाण्याची बाटली पीईटीची, तिचं झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं, आणि नळाचा पाइप पीव्हीसीचा. दिसायला भावंडं, पण वितळायला बसली की भांडतात. पीईटी वितळायला २५० अंशांच्या वर तापवावं लागतं. त्यात पीव्हीसीचा तुकडा राहून गेला, तर तेवढी उष्णता लागण्याआधीच तो जळून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो आणि भोवतालचं चांगलं पीईटी पिवळं, ठिसूळ होतं. म्हणून कारखान्यात आधी चुरा पाण्यात टाकतात. पीईटी बुडतं, झाकणांचा चुरा तरंगतो. पीव्हीसी मात्र पीईटीसारखंच बुडतं, ते या चाळणीत सापडत नाही. त्यासाठी अवरक्त प्रकाश टाकून कुठलं प्लास्टिक कसा प्रकाश परतवतं हे ओळखणारी यंत्रं लागतात. त्या यंत्रांना काळं प्लास्टिक दिसत नाही, कारण काजळीचा रंग सगळा प्रकाश गिळतो. काळ्या रंगाचा डबा पुन्हा वापरण्याजोगा असूनही बऱ्याचदा कचऱ्यात जातो तो यामुळे.

वस्तूच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि आत १ ते ७ मधला आकडा असतो. ही खूण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणली आणि ती फक्त प्लास्टिकची जात सांगते. ‘याचा पुनर्वापर होईल’ असं वचन त्यात नाही. खाऊच्या चकचकीत पाकिटात तर प्लास्टिकचे दोनतीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख असा सगळा संसार चिकटवलेला असतो. तो पुन्हा वेगळा करणं व्यवहारात जवळपास कुणालाच परवडत नाही. इथे मिसळण्याचं काम आपण नाही, कारखान्याने आधीच करून ठेवलेलं असतं.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी २०१५ पर्यंतच्या सगळ्या प्लास्टिकचा हिशेब मांडला. तोवर सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं होतं आणि त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं होतं. त्या कचऱ्यापैकी ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला, १२ टक्के जाळलं गेलं, बाकी ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्या निसर्गात. त्यामुळे प्लास्टिकच्या बाबतीत पुनर्वापर हवा, पण त्याच्या भरवशावर प्लास्टिक वाढवत राहणं हा धूर्त युक्तिवाद आहे असं माझं मत झालंय. हे ओझं बनवणाऱ्यावरही पडावं, ही कल्पना १९९० मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी मांडली. वस्तू विकणाऱ्यानेच ती परत घेण्याची, विल्हेवाटीची जबाबदारी उचलायची. एकदा तो खर्च स्वतःच्या खिशातून जाऊ लागला की पाकिटाचे थर कमी करावेसे वाटतात. बाटलीमागे अनामत घेऊन रिकामी परत केल्यावर पैसे देण्याची पद्धतही याच जातीची. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर ती लागू आहे, आणि बहुतेक सगळ्या बाटल्या दुकानात परत येतात, त्याही स्वच्छ आणि एका जातीच्या.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा मामला दोन्ही टोकांचा. टोकियो २०२० ऑलिंपिकची सुमारे ५००० पदकं जुन्या फोन-लॅपटॉपमधून काढलेल्या धातूंची होती. त्यासाठी ७८,००० टनांहून अधिक उपकरणं गोळा झाली आणि ३२ किलोच्या आसपास सोनं निघालं. पण संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात तयार झालेल्या ६ कोटी २० लाख टन ई-कचऱ्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यातलं बरंच उघड्यावर आम्लात बुडवून, तारा जाळून सोडवलं जातं, आणि ते काम करणाऱ्यांच्या रक्तात शिसं जातं. लिथियमच्या बॅटरीला सुक्या कचऱ्यातही जागा देऊ नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते.

एक सवय मात्र चांगल्या मनाची माणसंच लावून घेतात. ‘होईल याचंही काहीतरी’ म्हणून अर्धा भरलेला डबा, तेलकट पुठ्ठा, तुटकं खेळणं सगळं पुनर्वापराच्या डब्यात. एक गळका डबा शेजारच्या दहा किलो कागदाला नासवू शकतो. श्रीमंत देश असा अर्धवट निवडलेला माल वर्षानुवर्षं चीनला पाठवत होते. २०१८ पासून चीनने तो घेणं बंद केलं, तेव्हा कितीतरी ठिकाणचा ‘पुनर्वापर’ म्हणजे नुसतं जहाजात भरून पाठवणं होतं हे उघड झालं. डबे घासून लख्ख करायची गरज नाही. विसळून निथळले, तरी पुरे.

आणि नवी वस्तू आणून जुनी टाकणं यालाही किंमत आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात असं निघालं, की फक्त हवामानाचा विचार केला तरी सुती पिशवी ५० हून अधिक वेळा वापरली तरच ती साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. कपाटात अशा दहा कोऱ्या पिशव्या पडून असतील तर अकरावी घेऊ नये.

जे उरतंच त्याचं

एवढं सगळं करूनही थोडा कचरा उरतो. जाळायचा तर भट्टीत वायू किमान ८५० अंशांवर निदान दोन सेकंद राहावा, असा युरोपातला नियम आहे. ओला कचरा मिसळलेला असला की तेवढं तापमान धरत नाही. जाळूनही वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख उरते, आणि धुराच्या गाळण्यांत अडकलेली बारीक राख विषारी असल्यामुळे ती पुन्हा कुठेतरी सांभाळून पुरावीच लागते.

पुरायचं तर तळाशी घट्ट चिकणमाती, तिच्यावर जाड प्लास्टिकचं अस्तर, काळं पाणी गोळा करायला नळ्या, रोजच्या कचऱ्यावर मातीचा थर आणि वायू खेचायला विहिरी. न्यूयॉर्कची फ्रेश किल्स कचराभूमी १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती तात्पुरती आहे असं सांगितलं होतं. ती २००१ मध्ये बंद झाली. राथजींच्या चमूने खणलेल्या जागांपैकी ही एक. आज तिथे टेकड्यांवर गवत वाढलंय, पक्षी आलेत, मोठी बाग आकाराला येते आहे. गवताखालून मात्र नळ्या अजून वायू ओढतात, आणि पायथ्याशी काळं पाणी शुद्ध करण्याचं काम रोज चालू आहे.